रविवारचा डोंगर आणि पायथ्याचे गाव

मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांतून एका दिवसासाठी सह्याद्रीत जाणाऱ्या पदभ्रमण-सहली हा आता निव्वळ हौसेचा मामला राहिलेला नाही; तो एक रीतसर व्यवसाय झाला आहे. शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे ठरल्या ठिकाणाहून पंधरा-वीस माणसांची लहान बस सुटते, कळसूबाई, राजमाची, लोहगड, हरिहर असा एखादा डोंगर दिवसभरात चढून-उतरून होतो, पायथ्याच्या गावी पिठले-भाकरी होते आणि रात्री मंडळी आपापल्या घरी पोहोचतात. माणशी ठराविक रक्कम आगाऊ भरली की वाहन, नाश्ता, जेवण, गावातला वाटाड्या आणि सोबतीला एक-दोन अनुभवी तरुण असे सगळे संयोजक पुरवतो. डोंगर पूर्वीही चढले जात होते. पण डोंगर चढवून आणणे हा विक्रीचा माल होणे, ही गोष्ट त्या मानाने नवी आहे. आणि जेथे माल आहे, तेथे तो कोणाच्या श्रमातून निघतो व त्याची किंमत कोणाच्या हाती पडते, हे पाहणे समाजवाद्यांचे कामच आहे.

आपल्या कार्यकर्त्यांत या विषयावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. काही साथींना हे सारे खुशालचेंडू मध्यमवर्गाचे चोचले वाटतात. गावात प्यायला पाणी नाही आणि तेथे शहरातली पोरे छायाचित्रे काढायला येतात, असा त्यांचा संताप असतो. दुसरे साथी म्हणतात, यात वाईट काय? ज्या वाडीला वर्षानुवर्षे एक पैसा दिसला नाही, तेथे चार घरांत चूल पेटते आहे, दोन तरुणांना रोजगार मिळतो आहे. ही दोन्ही मते वरवर पाहता बिनतोड आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिल्या मताचा विचार आधी करू. विश्रांती आणि विरंगुळा ही श्रीमंतांची मिरास आहे असे मानण्याची सवय आपल्या चळवळीला शोभणारी नाही. रविवार आकाशातून पडलेला नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेला रविवारची सुटी मान्य करावी लागली. आज शहरातला जो तरुण रविवारी डोंगरावर जातो, तो त्याला ठाऊक असो वा नसो, लोखंड्यांच्या कमाईवर जातो.

डोंगरावर जाण्याच्या हक्कासाठीही कामगार लढलेले आहेत. कापडाच्या धंद्यात मँचेस्टर हे आपल्या गिरणगावाचे थोरले भावंड. त्या शहराच्या उशाशी असलेले किंडर स्काउटचे पठार जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते आणि कामगारांना तेथे पाऊल ठेवण्यास मज्जाव होता. योगायोग असा की, तोही दिवस २४ एप्रिलचाच; साल १९३२. रविवारी सुमारे चारशे स्त्री-पुरुष बेनी रॉथमन या विशीतल्या तरुणाच्या पुढाकाराने ते पठार चढून गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण त्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या जनमताचे फळ मजूर पक्षाच्या सरकारने केलेल्या १९४९ च्या कायद्यात दिसले आणि १९५१ मध्ये त्याच भागात ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याआधी १८९५ मध्ये व्हिएन्नात समाजवादी कामगारांनी ‘निसर्गमित्र’ ही संघटना काढली होती, तीही कष्टकऱ्याला सुटीच्या दिवशी डोंगर व रान मोकळे व्हावे म्हणूनच.

तेव्हा प्रश्न डोंगरावर जाणाऱ्यांचा नाही. न जाऊ शकणाऱ्यांचा आहे. रविवारच्या बसमध्ये बँकेतले, संगणक कंपनीतले, महाविद्यालयातले तरुण असतात. बारा तासांची पाळी करणारा सुरक्षारक्षक, कंत्राटी सफाई कामगार, घरोघर जिन्नस पोचवणारा मुलगा तेथे दिसत नाही. रविवार हा त्या मुलाचा सर्वांत धावपळीचा दिवस. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, जादा कामाचा मोबदला मिळेल, असा खुलासाही झाला. परंतु बारा तास राबलेल्या माणसाच्या सुटीचा दिवस झोपण्यात जातो, हे ज्याने कामगारवस्ती पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. सुटी कागदावर राहते आणि विरंगुळा पुन्हा मूठभरांचा होतो.

आता दुसरे मत. गावाला रोजगार मिळतो, हे खरे. किती मिळतो, ते पाहू. उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. वाचकांनी आपल्या माहितीचे आकडे घालून तो पडताळून घ्यावा. समजा, वीस जणांची तुकडी आहे आणि प्रत्येकी १,२०० रुपये घेतले आहेत. एकूण जमा २४,००० रुपये. बसचे भाडे ९,५००, सोबतच्या दोन तरुणांना मिळून ३,०००, गावातल्या घरी बावीस जणांचा नाश्ता व जेवण, माणशी १५० प्रमाणे, ३,३००, वाटाड्याला ८००, किरकोळ खर्च व जाहिरात १,०००. संयोजकाकडे उरले ६,४००. गावाच्या वाट्याला आले ४,१००, म्हणजे रुपयातले सतरा पैसे. त्यातूनही पीठ, तेल, डाळ, गॅस यांचा खर्च वजा केला की पहाटे चारला उठून बावीस माणसांचे दोन वेळचे रांधणाऱ्या सासू-सुनांच्या श्रमाचे मोल काय उरले, हे ज्याचे त्याने काढावे.

संयोजक काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. माणसे जमवणे, वाहन ठरवणे, प्रथमोपचाराची तयारी ठेवणे, पावसाचा अंदाज घेऊन प्रसंगी सहल रद्द करणे, हे काम जोखमीचे आहे आणि प्रामाणिकपणे करणारे अनेक जण आहेत. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे वेगळाच प्रश्न पडतो. या व्यवहारात दुर्मीळ वस्तू कोणती? बस दुर्मीळ नाही, जाहिरात तर नाहीच. दुर्मीळ आहे तो डोंगर, त्यावर चढणारी वाट आणि धुक्यात ती वाट न चुकणारा माणूस. रिकार्डोने सांगितलेल्या खंडाच्या सिद्धान्ताप्रमाणे दुर्मीळ साधनाचे जादा उत्पन्न त्या साधनाच्या धन्याकडे जायला हवे. येथे ते जात नाही. कारण डोंगर सरकारी वनखात्याच्या नोंदीत आहे आणि वाटेचे ज्ञान ज्याच्या पायांत आहे तो एकटा आहे. संयोजक एका घराशी दर ठरवतो. शेजारचे घर दहा रुपये कमी सांगते. पुढच्या रविवारी बस तिकडे थांबते. गिरणीच्या फाटकावर बदली कामगारांची जी अवस्था असे, तीच येथे चुलीपाशी आली आहे. भाकरीचा भाव पडतो, सहलीचा भाव पडत नाही.

यात आणखी एक पेच आहे आणि तो शहरातून दिसत नाही. शहराला डोंगर हवा असतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, धबधबे वाहू लागल्यावर. मावळात, अकोल्यात, कर्जतच्या पट्ट्यात नेमके तेच दिवस भातलावणीचे. लावणीला घरातला हात न् हात लागतो. वाटाड्या म्हणून गेलेला मुलगा त्या दिवशी खाचरात नसतो. त्याच्या जागी मजूर लावावा तर त्याची मजुरी वाटाड्याच्या कमाईतून द्यावी लागते. आणि उन्हाळ्यात, घरात काम नसताना, बस येत नाही. म्हणजे हा रोजगार शेतीला पूरक नाही, तो शेतीशी स्पर्धा करणारा आहे. ‘गावाला काम मिळते’ असे म्हणणाऱ्यांनी ते केव्हा मिळते, हेही विचारले पाहिजे.

शहर आणि डोंगर यांचा हा व्यवहार काही आजचा नाही. मुळशीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले; तरी धरण झाले आणि वीज मुंबईला गेली. तानसा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी गेले, वीज गेली, तरणी माणसे कामासाठी गेली. आता डोंगराचे देखणेपणही शहराच्या उपयोगी पडते आहे. प्रत्येक वेळी देणारा तोच आहे आणि भाव ठरवणारा दुसरा आहे.

इर्शाळवाडी या संदर्भात विसरता येत नाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या अंगावरची ही ठाकरांची वस्ती. गडावर जाणारे गिरिभ्रमणप्रेमी तेथे टेकत, तेथल्या घरांत जेवत, तेथल्या मुलांना वाटाड्या म्हणून नेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळे बचावपथकांना पायीच चढून जावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतीला धावलेल्यांत डोंगर चढणारे शहरी व निमशहरी तरुणही होते, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे. पण ज्या वाटेने शेकडो रविवार माणसे हौसेने चढली, त्या वाटेने वाडीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खाली आला नाही. त्याआधी नऊ वर्षे, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डोंगर पाहिला. डोंगराखाली राहणारी माणसे पाहिली नाहीत.

शासनाची दृष्टी काय आहे? जुलै २०२३ मध्ये लोहगडावर इतकी गर्दी झाली की माणसे पायऱ्यांवर तासन् तास अडकून पडली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरातील धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. अशा घटनांनंतर जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढते. आदेशाने रविवारची बस थांबते, त्याबरोबर कणसे भाजणाऱ्या बाईची टोपलीही थांबते. तिला कोणी नुकसानभरपाई देत नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याचा भर संयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे निकष यांवर आहे. ते आवश्यकच होते. पण गावाचा वाटा किती, वाटाड्याची मजुरी कोण ठरवणार, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये राजगड, लोहगड, साल्हेर, शिवनेरी यांच्यासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी वाढेल, पैसा वाढेल. म्हणून वाटणीचा प्रश्न आत्ताच उपस्थित केला पाहिजे. वाटणी रूढ झाल्यावर ती मोडणे कठीण जाते.

उपाय ग्रामसभेतून निघू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क आणि वनाच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये असे हक्क मिळवून दाखवले. तेथे प्रश्न बांबूचा होता, येथे वाटेचा आहे. एकजुटीने भाव ठरवण्याचे तत्त्व मात्र एकच. ग्रामसभेने ठराव करून वाटाड्यांची यादी करावी, पाळीपाळीने काम द्यावे, जेवणाचा किमान दर ठरवावा आणि त्याखाली कोणत्याही घराने जाऊ नये. प्रत्येक तुकडीमागे ठराविक रक्कम गावनिधीत जमा व्हावी. तिचा हिशेब चावडीवर लागावा. वाटाड्याचा विमा संयोजकाने उतरवावा. लावणीच्या पंधरवड्यात किती तुकड्या घ्यायच्या, हे गावाने ठरवावे. वीस माणसांची तुकडी असणे यालाही महत्त्व आहे: लहान तुकडीला वाट सोसते, विहीर सोसते, आणि वाटाड्याला प्रत्येकाकडे लक्ष देता येते.

यावर दोन आक्षेप येतील. दर वाढले तर बस दुसऱ्या डोंगराकडे जाईल, हा पहिला. म्हणूनच हे काम एका गावाचे नाही. एका खोऱ्यातल्या सर्व पायथ्याच्या गावांनी मिळून ते करायला हवे, आणि गावागावांत जाऊन ते जुळवणारा कार्यकर्ता लागेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गावनिधी गावातला बलदंड माणूस गिळील. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास पाहता ही भीती निराधार नाही. साखर कारखान्यांचे काय झाले, ते आपण पाहिले. पण त्यावर उपाय सहकार सोडणे हा नसून, रांधणाऱ्या स्त्रियांच्या हाती निधीची किल्ली देणे हा आहे. ज्यांचे श्रम त्यांचा हिशेब, एवढे साधे सूत्र पाळले तरी पुष्कळ होईल.

आणि शहरातल्या आपल्या साथींनी काय करावे? राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ ची; शिबिरे, पदयात्रा आणि गावात मुक्काम करून माणसे समजून घेणे ही समाजवाद्यांची जुनी रीत आहे. ती पुन्हा सुरू करावी. कंत्राटी कामगारांच्या, घरकामगार स्त्रियांच्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी डोंगराच्या सहली काढाव्यात, गावाने ठरवलेला पूर्ण दर द्यावा आणि जेवणानंतर तासभर गावकऱ्यांशी बोलावे: मजुरीविषयी, पाण्याविषयी, दरडीविषयी. शहरातला कंत्राटी सफाई कामगार कित्येकदा अशाच एखाद्या खोऱ्यातून आलेला असतो. त्याच्या रविवारचा आणि वाटाड्याच्या मजुरीचा लढा वेगळा नाही. दोघांच्याही दिवसाची किंमत आज तिसराच कोणी ठरवतो आहे, आणि ती किंमत दोघांनी मिळून ठरवावी, एवढीच आपली मागणी आहे.