पाण्यातल्या मुळांचा श्वास

श्रावणात गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि रोवणी झालेले धान त्यात तरारून उभे असते. त्याच बांधीत टोमॅटोचे रोप लावले तर ते दोन-चार दिवसांत मान टाकते. माती तीच आणि पाणीही तेच, तरी एक जगते आणि दुसरे मरते. याचे कारण मुळांच्या श्वासात आहे. धानाच्या खोडात आणि मुळात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्या वाटेने चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. टोमॅटो, पालक, मेथी यांच्याजवळ अशी पुरेशी सोय नाही. त्यांच्या मुळांना हवा बाहेरून मिळावी लागते, आणि तुंबलेल्या पाण्यात ती मिळत नाही.

मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर भाजी पिकवण्याच्या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. पंप, सेन्सर आणि मोबाइल यांच्या आधाराने ती गच्चीवर किंवा अंगणात स्वयंचलित करण्याची ओढ आज अनेक तरुणांना आहे. ही ओढ स्वागतार्ह आहे. मात्र कोणते काम आधी यंत्राकडे सोपवायचे आणि कोणते शेवटी, हा क्रम चुकला तर सगळा खर्च मे महिन्यातल्या एका दुपारी वाया जातो. या क्रमाविषयी शांतपणे बोलायला हवे.

शास्त्र म्हणून ही पद्धत नवी नाही. 1860च्या सुमारास जर्मनीत सॅक्स आणि क्नोप या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मातीविना, केवळ पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर रोपे वाढवून दाखवली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी 1937 मध्ये तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले. भारतात 1946 पासून शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला प्रयोग केले आणि साध्या, स्वस्त साहित्यावर चालणारी ‘बंगाल पद्धत’ बसवली. म्हणजे आपल्याकडे या विद्येची सुरुवातच साधेपणाने झाली आहे.

आजही सर्वांत साधा संच वीस लिटरच्या बादलीत उभा राहतो. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेल्या या रीतीत पंपच नसतो. झाकणाच्या छिद्रात जाळीदार पेल्यातून रोप बसवतात आणि त्याची मुळे खालच्या पाण्यात सोडतात. रोप जसजसे पाणी पिते तसतशी पातळी उतरते. वर उघडी पडलेली मुळे दमट हवेत श्वास घेतात, खालची मुळे अन्नपाणी घेतात. बादली मात्र काळी किंवा रंगवलेली हवी, कारण आत उजेड शिरला की पाण्यात शेवाळ धरते. झाकणही घट्ट हवे, नाहीतर घरात डासांची पैदास होईल.

आता गोंदियाचा उन्हाळा घ्या. इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, पस्तीस अंशाला सुमारे 7. त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज उष्णतेने वाढलेली असते. पुरवठा घटतो, मागणी वाढते, आणि मूळकूज करणाऱ्या बुरशीला हेच वातावरण मानवते. खतात काहीही कमी नसताना रोपे मरतात ती अशी. म्हणून आपल्याकडे यंत्राचे पहिले काम मुळांपर्यंत हवा पोचवण्याचे आहे.

त्यासाठी मत्स्यपेटीला लावतात तसा पाच वॅटचा हवेचा पंप पुरतो. तो महिनाभर अहोरात्र चालला तरी साडेतीन-पावणेचार युनिट वीज लागते. वीज गेली की हाच पंप चालू ठेवायला छोटी बॅटरी हवी. नळीतून पाण्याचा पातळ प्रवाह फिरवणारे संच दिसायला देखणे असतात, पण पंप थांबला की उन्हाळ्यात त्यातली रोपे तासा-दोन तासांत कोमेजतात. बादलीतल्या मुळांखाली निदान पाण्याचा साठा असतो. वीज जाण्याची धास्ती आहे तिथे घरगुती वापराला बादली किंवा पेटीच बरी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम पातळी राखण्याचे. हवेचा पंप लावलेल्या संचात साधा तरंगता स्विच बसवला की पाणी ठरलेल्या खुणेखाली उतरताच टाकीतून भर पडते. तिसरे काम तापमान पाहण्याचे. पाण्यात सोडलेला सेन्सर तापमानाने तीस अंश ओलांडताच इशारा देऊ शकतो. त्यावरचा उपाय मात्र घरातलाच आहे. बादल्यांवर शेडनेट बांधावी आणि अंगाला ओले बारदान गुंडाळावे. बारदानाची या जिल्ह्यात वाण नाही.

आम्लता आणि क्षार मोजून आपोआप खत सोडणारे पंप सर्वांत शेवटी यावेत. पालेभाज्यांना पाण्याचा सामू (pH) साधारण 5.5 ते 6.5 या दरम्यान लागतो. तो मोजणारा सेन्सर काही आठवड्यांत सरकतो. त्याला 4 आणि 7 सामूच्या द्रावणात पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते. सरकलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून यंत्र रात्रभर आम्ल सोडत राहिले, तर सकाळी सगळी रोपे गेलेली असतात. पाच-सहा बादल्यांसाठी आठवड्यातून दोनदा हाताने मोजणे पुरेसे आहे. खताचेही एक पथ्य आहे: कॅल्शियम नायट्रेटचे घट्ट द्रावण आणि सल्फेट-फॉस्फेटचे घट्ट द्रावण वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवावे. एकत्र केले तर साका तळाशी बसतो आणि त्यातली अन्नद्रव्ये रोपाला मिळत नाहीत.

या कामासाठी लागणारे बरेच काही जिल्ह्यातच आहे. रोपांना आधार म्हणून बाहेरून आलेला नारळाचा भुसा विकत घेण्याऐवजी राईस मिलमधले तूस वापरता येते. कमी हवेत काळे होईपर्यंत भाजायचे, राख होऊ द्यायची नाही, आणि वापरण्याआधी भरपूर धुवायचे, कारण ते अल्कधर्मी असते. पावसाचे पाणी क्षार नसल्यामुळे या कामाला उत्तम. शंभर चौरस फूट छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी नव्वद लिटरच्या आसपास पाणी हाती येते. थंडीतले चार महिने तर पालक, मेथी, कोथिंबिरीला जणू याच जिल्ह्यासाठी दिलेले आहेत. नवख्याने पहिला प्रयोग कार्तिकात करावा, वैशाखात करू नये.

या पद्धतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यासाठी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेट्यूसच्या एका किलोमागे शेतात सुमारे 250 लिटर, तर हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे 20 लिटर पाणी लागते असा हिशेब निघाला. ऊर्जा मात्र ऐंशीपटीहून अधिक लागते, आणि ती मुख्यतः बंदिस्त घर तापवण्या-थंड करण्यात खर्च होते. आपल्याकडे ऊन फुकट आहे, त्यामुळे कृत्रिम दिवे आणि वातानुकूलन यांच्या नादी लागू नये. धानाला किंवा शेताला हायड्रोपोनिक्स हा पर्याय नाही. घरच्या ताटात ताजी भाजी आणि घरच्या मुलांना विज्ञानाचा अनुभव, एवढे त्याने साधले तरी ते मोलाचे आहे.

एक जबाबदारी न विसरता सांगितली पाहिजे. वापरून झालेले खताचे पाणी नालीत, बोडीत किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडू नये. आपल्या तलावांना गाळ आणि बेशरमच्या झुडपांनी आधीच ग्रासले आहे, त्यात नायट्रेट-फॉस्फेटची भर नको. ते पाणी आणखी पातळ करून परसातल्या झाडांना घालावे.

मालगुजारी तलावांची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पाळ आणि उतार आपले काम करीत, पण कोणत्या बांधीला पाणी केव्हा सोडायचे हे पिकाकडे पाहून माणूस ठरवत असे. घरातल्या बादलीलाही हाच न्याय लागू आहे. हवा, पातळी आणि इशारा यंत्राने सांभाळावे. पानाचा रंग आणि मुळाचा वास रोज माणसाने पाहावा. पांढरे मूळ निरोगी असते, तपकिरी आणि बुळबुळीत मूळ हवेवाचून गुदमरत असते. हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राने, आयटीआयने आणि अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांनी येत्या हिवाळ्यात प्रत्येकी पाच बादल्यांचा एक संच उभा करावा आणि त्याच्या नोंदी गावासमोर मांडाव्यात. घरी सुरुवात करणाऱ्यांनी आधी एक बादली बिनपंपाची लावावी. तिच्यातला पालक महिना-सव्वा महिन्यात ताटात आला, म्हणजे मग पंप विकत घ्यावा.