वासाचा उजेड

कळंबच्या चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरू लागले की डोळे अंधाराला सरावण्याआधीच नाकाला सारे कळते : ओला दगड, दूर्वा, कापूर, मुरलेले तेल. गावाचे नावच मुळी कदंबावरून आले म्हणतात. तेव्हा वासाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार कळंबकराला असावा.

मराठी शिकवणाऱ्याची एक जुनी तक्रार आहे. तांबडा, पिवळा, काळा अशी रंगांना स्वतंत्र नावे आहेत. वासांचे मात्र खमंग, कुबट, खवट, करपट म्हणून झाले की आमची झोळी रिकामी ! पुढे मोगऱ्याचा वास, रॉकेलचा वास, असे वस्तूचे बोट धरूनच चालावे लागते.

हा दोष भाषेचाच असेल असे मला आता वाटत नाही. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली नाकातील गंधग्राहकांची जनुके शोधली; २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माणसाजवळ असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, उंदराजवळ हजाराच्या घरात. गंमत अशी, की एक वास अनेक ग्राहकांना जागे करतो आणि एक ग्राहक अनेक वासांना ओ देतो. एकाच प्रकारच्या ग्राहकांचे तंतू मेंदूच्या पुढच्या टोकाशी, गंधकंदात, ठरलेल्या गाठींपाशी जमतात. म्हणजे मोगरा ही एक गाठ नव्हे, अनेक गाठींची नक्षी आहे. नक्षीला एका शब्दात नाव कसे द्यावे ?

ही नक्षी डोळ्यांनी पाहता येते, ती एका जेलीफिशच्या कृपेने. तिच्यातील हिरवे चमकणारे प्रथिन शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये वेगळे काढले. नाकाई यांनी २००१ मध्ये त्याला कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनाची जोड दिली. मज्जापेशी उत्तेजित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरते; निळ्या प्रकाशात ती पेशी उजळते. दिवाळीच्या रात्री टेकडीवरून गाव पाहावे, कुठल्या आळीत पणत्या लागल्या ते कळावे, तसे हे आहे.

हे काम आपल्या पुण्यातही चालते. आयसरमधील निक्सन अब्राहम आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचून मी अस्वस्थ झालो. उंदरांची काही पिल्ले आईच्या दुधापासून वेळेआधी तोडली. मोठी झाल्यावर त्यांतले नर दोन वासांतला फरक शिकण्यात मागे पडले. गंधकंदात काही पेशी इतरांना आवरतात, गलका कमी करतात. निरोगी उंदीर शिकत गेला तशी या पेशींची चमक रेखीव होत गेली. दुरावलेल्या पिल्लांत ती झालीच नाही. मग संशोधकांनी प्रकाशानेच त्या पेशी जाग्या केल्या, आणि उंदीर शिकले !

उंदीर म्हणजे मूल नव्हे, हे मलाही कळते. तरी कापूस वेचणीच्या दिवसांत तान्ही मुले आजीजवळ ठेवून पहाटेच निघणाऱ्या बाया पाहिल्या की तो प्रयोग आठवतोच.

याच मंडळींनी २०२० मध्ये वास मोजण्याचे यंत्र वापरून दाखवले, की लक्षणे नसलेल्या कोविडबाधितांचीही घ्राणशक्ती उणावलेली असते. आमच्या वहिनींची तर २०२१ मध्ये पुरतीच गेली. फोडणी करपली का, हे त्या आता पोरांना विचारतात. गॅस दोनदा तपासतात. लोणचे घालणे त्यांनी सोडले. जावेच्या हातचे खातात आणि गप्प बसतात.

उंदरांची हकीकत त्यांना सांगितली, तेव्हा म्हणाल्या, “ते सारं खरं, भाऊजी. उंदराचं नाक सुधारलं. माझं कधी ?”

डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सकाळी त्या लिंबू, लवंग, निलगिरी आणि गुलाब पाळीपाळीने नाकाशी धरतात. परवा लवंगेच्या वेळी थांबल्या. काहीतरी लागले, म्हणाल्या. काय, ते मात्र सांगता येईना.