पऱ्हाट्यांचा धूर आणि आपण डॉक्टर

कापसाची वेचणी संपली की आदिलाबादपासून यवतमाळपर्यंत शेताशेतांत पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात. काही पऱ्हाट्या घरच्या चुलीत जातात. आयुष्यात कधी विडी न ओढलेली, तरीही धापेने एक जिना चढू न शकणारी गृहिणी हैदराबादेतील डॉक्टरांना भेटते, तेव्हा तिच्या विकाराचे मूळ पुष्कळदा या चुलीत असते. २०२० साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लक्ष मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या मुळावर उपाय आहे. काडीकचरा उघड्यावर न जाळता, हवा रोखून ४०० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापविल्यास त्याचे कोळसा, तेल आणि ज्वलनशील वायू यांत विघटन होते. हेच पायरॉलिसिस. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटासाठी अशी भट्टी विकसित केली. तीत पाचटाने भरलेली पिंपे तापतात आणि त्यांतून निघणारा वायूच भट्टीचे इंधन होतो. या कोळशाच्या कांड्या स्वयंपाकाला उपयोगी पडतात. २००२ साली या कार्यास अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला. आपल्या हैदराबादेतील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनेही पऱ्हाट्या, तुराट्यांचा कोळसा करणारी साधी पिंपाची भट्टी तयार केली आहे. तो कोळसा जमिनीत मिसळावयाचा असतो.

तथापि, हे तंत्र सरसकट निरुपद्रवी मानणे धोक्याचे होईल. भट्टीतील वायू पूर्णपणे जळाला नाही, तर धुराची जागा फक्त बदलते. कोळशाच्या शेगडीला धूर नसतो, पण तिच्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बंद खोलीत तो प्राण घेतो. म्हणूनच हा विषय केवळ अभियंते व कृषितज्ज्ञ यांच्यावर सोपवू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. भट्टीची पारख कोळशाच्या उताऱ्याबरोबरच तिच्या धुरावरूनही व्हावी, आणि शेगडीबरोबर हवेशीर स्वयंपाकघराचा सल्लाही पोहोचावा.

आपल्या आरोग्यशिबिरांत केसपेपरवर ‘घरी इंधन कोणते?’ हा प्रश्न छापावा आणि शिबिरास एखादा कृषिशास्त्रज्ञ सोबत न्यावा. खोकल्याच्या औषधाइतकाच हाही उपचार आहे.