एकशे आठचे घड्याळ

पिकाचे नुकसान ७२ तासांत कळवण्याच्या पीकविम्याच्या अटीवर या स्तंभाने केलेली टीका नायगाव खोऱ्यातल्या एका वाचकाला लागली. त्यांनी या आठवड्यात फोन करून थेट विचारले, 'सरकारचे एकही काम धड होत नाही, असेच लिहायचे ठरवले आहे का?' प्रश्न रास्त आहे. धड होणारी कामे आहेत, आणि त्यांतले एक दाखवायला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पुरेशी आहे. आजच्या मजकुरात तिचे कौतुक आहे, हातचे काही न राखता.

ही सेवा राज्यात जानेवारी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्याआधी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर घरच्यांची पहिली धावपळ वाहनासाठी असे. जीप कुणाची आहे, ती गावात आहे का, चालक उठेल का, पैसे आत्ता द्यायचे की नंतर. अडलेल्या बाळंतिणीला काळी-पिवळीच्या मागच्या बाकावर आडवे करून तालुक्याला आणल्याचे सांगणाऱ्या बायका आजही गावोगाव भेटतात. १०८ साठी ९३७ गाड्या आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या होत्या, ७०४ मूलभूत साधनांच्या. महाराष्ट्राने एक गोष्ट इतर बहुतेक राज्यांपेक्षा वेगळी केली: गाडीत डॉक्टर बसवला. तो बहुधा आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला, आणीबाणीच्या उपचारांचे प्रशिक्षण मिळालेला असतो. रुग्णालय गाठायच्या आधीच रुग्णाला डॉक्टरचा हात लागतो, ही गोष्ट खेड्यातल्या माणसाने पूर्वी ऐकलीही नव्हती.

फोन लागतो तो पुण्यात, औंधला. पलीकडचा माणूस आधी ठिकाण विचारतो: जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण. मग काय झाले आणि किती जण आहेत. आधार क्रमांक, शिधापत्रिकेचा रंग किंवा रुग्णाचे गाव या तालुक्यातले आहे की नाही, याच्याशी गाडी निघण्याचा संबंध नसतो. भाडे नाही. पोहोचण्याची अपेक्षित मुदत शहरी भागात २० मिनिटे आणि ग्रामीण भागात ३० मिनिटे अशी ठरवलेली आहे.

सिन्नरला या सेवेची गरज जरा जास्तच आहे. नाशिक-पुणे महामार्ग मोहदरी घाटातून येऊन गोंदे, दोडी, नांदूर शिंगोटेमार्गे संगमनेरकडे जातो. शिर्डीचा रस्ता मुसळगाव, पांगरी, वावी, पाथरे असा पूर्वेला पळतो. त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटली की दुचाकींचे लोंढे रस्त्यावर येतात, आणि रामनवमीच्या आधी मुंबईच्या पालख्या घोटीकडून याच तालुक्यातून पायी शिर्डीला जातात. १३ जानेवारी २०२३ च्या सकाळी पाथरे शिवारात साईभक्तांच्या खासगी बसची ट्रकशी धडक झाली आणि १० जणांचा जीव गेला. ही माणसे अंबरनाथ-उल्हासनगरकडची होती. जखमींना सिन्नर आणि शिर्डीच्या रुग्णालयांत हलवावे लागले.

आता त्या वाचकाच्या मूळ रागाकडे. पीकविमा आणि रुग्णवाहिका यांची तुलना कशासाठी, असे ते विचारतील. दोन्हींची सुरुवात एकाच कृतीने होते, म्हणून. संकटात सापडलेला माणूस मोबाइल काढतो आणि मदत मागतो. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला सिन्नरवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि सरस्वती नदीचे पाणी वस्तीत शिरले. अशा एका रात्री तेव्हा एकाच घरातून दोन फोन जाऊ शकत. म्हातारीला दम लागला म्हणून एक, सोयाबीन पाण्याखाली गेले म्हणून दुसरा. पहिल्या फोनच्या क्षणी घड्याळ सुरू होते ते सेवेचे: ३० मिनिटांत पोहोचा. दुसऱ्या फोनचे घड्याळ त्याच्या आधीच सुरू झालेले असे, आणि ते शेतकऱ्याच्या हातावर बांधलेले असे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवा, अर्जाचा क्रमांक द्या, गट क्रमांक द्या, फोटो द्या. वीज गेलेली आहे, मोबाइलची बॅटरी संपलेली आहे, बांधापर्यंत जायला वाट उरलेली नाही, याचा त्या ७२ तासांत हिशेब नव्हता.

पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपात आली. तिच्या नियमांत कंपनीलाही मुदती आहेत, हे मान्य केले पाहिजे. सूचना मिळाल्यावर ४८ तासांत पाहणी करणारा नेमायचा, त्यापुढच्या १० दिवसांत पाहणी संपवायची. दाव्याचे पैसे द्यायला उशीर झाला तर कंपनीने १२ टक्के व्याज द्यावे, अशीही तरतूद झाली. कागदावर हे वाईट नाही. पण दोन उशिरांची किंमत पाहा. कंपनीचा उशीर व्याजाने भरून निघतो, शेतकऱ्याचा उशीर दावाच संपवत असे. १०८ मध्ये नेमके उलटे आहे. फोन करणाऱ्याने वेळ लावला, घाबरून गावाचे नाव चुकीचे सांगितले, मध्येच फोन कट झाला, तरी त्याचा हक्क जात नाही. गाडी उशिरा आली तर मात्र गाव ओरडते, वार्ताहर बातमी करतो, जाब विचारला जातो. उशीर होतो, आणि कधी कधी फार होतो. तरी त्यावर ओरडता येते, कारण मुदत सेवेने स्वतःवर घेतलेली आहे.

दुसरा फरक विश्वासाचा आहे. १०८ वर खोटे फोन येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही प्रत्येक फोन आधी खरा धरूनच गाडी निघते. दहा खोट्यांना चाप लावण्यासाठी एका खऱ्याला पुराव्यासाठी थांबवून ठेवायचे नाही, हा तिथला हिशेब. विम्यात पहिल्या दिवसापासून शेतकरी संशयित. जीव थांबू शकत नाही आणि पैसा थांबू शकतो, हे उत्तर नेहमी मिळते. पण पाण्यात पडलेला खरीप कांदा पाहणी करणाऱ्याची वाट पाहत नाही. तो सडतो, आणि त्याच्याबरोबर पुरावाही. २०२५ च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याकडून एकच रुपया हप्ता घेण्याची सवलत बंद केली आणि भरपाईचा आधार पीककापणी प्रयोगांवर नेला, म्हणजे आपल्या शेतातले नुकसान कळवण्याची ती वाटही गेली. आता २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान विम्यात घेणार, असे केंद्राने जाहीर केले आहे. कळवण्याची मुदत? तेच ७२ तास.

आणीबाणीचा एक क्रमांक असावा, ही कल्पनाच मुळी ताटकळण्यातून जन्मली. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागून पाच स्त्रिया मेल्या. आग पाहून फोन करणाऱ्या शेजाऱ्याला टेलिफोन एक्स्चेंजने रांगेत थांबवून ठेवले होते. त्या संतापातून ३० जून १९३७ रोजी ९९९ क्रमांक सुरू झाला. आपल्याकडे १०८ ची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादला झाली.

आधी मदत, मग चौकशी या १०८ च्या वृत्तीची आणखी एक सेवा सिन्नरकरांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आशापूर इथे मांजराचा पाठलाग करताना बिबट्या मांजरासकट विहिरीत पडला. जीव वाचवायला मांजर त्या बिबट्याच्याच अंगावर चढत असल्याची चित्रफीत देशभर फिरली. वनखात्याने बिबट्याला बाहेर काढून सोडून दिले. विहिरीत बिबट्या पडणे या तालुक्यात नवलाचे राहिलेले नाही. गर्दी आवरणे, जनावराला टेकायला काही तरी सोडणे, मग पिंजरा उतरवणे ही कामे वनकर्मचारी काठावर उभे राहून करतात. विहीर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही.

या स्तंभाचा जुना हट्ट इथे पुन्हा मांडणे भाग आहे: पाट्या. १०८ चा पहिला प्रश्न 'कुठे' हा असेल, तर त्याचे उत्तर रस्त्यावर लिहिलेले हवे. वावीचा माणूस पंपाच्या अलीकडे, वळणावरच्या लिंबापाशी असे सांगतो आणि स्थानिक चालकाला ते कळते. अंबरनाथहून आलेला जखमी प्रवासी इतकेच सांगू शकतो की तो शिर्डीच्या रस्त्यावर आहे. मोबाइलवरून ठिकाण कळते हे खरे, पण रेंज नसली की अडते. गावाचे, शिवाराचे नाव आणि किलोमीटरचा आकडा अंधारात चमकणाऱ्या रंगात लिहिलेली पाटी दर किलोमीटरला लावायला फारसा खर्च येत नाही. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. ही माहितीसुद्धा दोन ओळींत त्याच पाटीवर यावी, कारण पोलिसांच्या फेऱ्याला भिऊन गाडी न थांबवणारे आजही आहेत.

गाड्या वाढायलाही हव्यात. सिन्नर किंवा दोडीच्या रुग्णालयातून रुग्ण नाशिकला पाठवायचा म्हटले की १०८ची गाडी येऊन-जाऊन किमान साठेक किलोमीटर अडकते, आणि तेवढा वेळ पुढच्या फोनला ती नसते. तालुक्यातच उपचार होतील तर तिची निम्मी दमछाक वाचेल. २०२४ च्या नव्या कंत्राटात राज्यासाठी १,७५६ रुग्णवाहिका ठरल्या. त्यांत नवजात बाळांसाठी ३६, दुचाकी १६६ आणि २५ बोटी धरल्या आहेत. कंत्राटाच्या खर्चावरून वाद झाला, तो होत राहील. सिन्नरच्या लोकप्रतिनिधींनी मात्र एवढे विचारून घ्यावे की या तालुक्याच्या वाट्याला किती गाड्या येणार आणि त्यांतली रात्री वावीच्या बाजूला कोणती उभी राहणार.

विचारायला फार दिवस नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. नाशिकला आलेला भाविक शिर्डीला जातोच, आणि तो बहुधा पाथऱ्यावरूनच जाणार आहे. पाट्या आणि गाड्या ध्वजारोहणाच्या आधी लागल्या पाहिजेत.