वऱ्हाडात कुठला आला समुद्र?

गेल्या आठवड्यात अकोल्याला मामांकडे गेलो होतो. सोबत नुकतंच केलेलं तैलचित्र होतं. पहाटेचा ससून डॉक, धुकं, मासेमारीच्या बोटी. मामांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. पण काहून रे बावा, आपल्याकडे कोठचा आला समुद्र?"

मामा आहेत, हसून सोडून दिलं. पण मागे अमरावतीत एका प्रदर्शनवाल्यांनी हेच विचारलं होतं, तेव्हा हसू आलं नव्हतं. "स्थानिक विषय आणा," म्हणाले. म्हणजे बैलजोडी, कपाशीचं शेत आणि डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. माझं बंदराचं चित्र परत आलं. वऱ्हाडच्या माणसाने काय रंगवायचं, हे आधीच ठरलेलं आहे तर!

तर मंडळी, आज थोडं भांडतोच.

बंदर आपलं नाही, हे सांगितलं कोणी? इंग्रजांनी 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतलं, तेव्हा त्यांचा डोळा इथल्या कापसावर होता. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्याकडचे भाव आभाळाला भिडले. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा इथून गठाणी निघाल्या त्या मुंबई बंदराकडे. हार्बर लाइनवर आजही 'कॉटन ग्रीन' नावाचं स्टेशन आहे. आणि 1875 चा ससून डॉक? तो बांधणारं घराणंही कापसाच्या व्यापारातलंच. आपल्या पणजोबांचा कापूस ज्या बंदरातून बोटीत चढला, तिथे मी कॅनव्हास लावला तर मी उपरा कसा?

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. समुद्राची हवा तुला काय कळणार? मोनेने 1872 मध्ये ल हाव्रचं बंदर रंगवलं, पण तो त्याच गावात वाढला होता. मान्य. पण ते चित्र नीट पहा. बोटी म्हणजे ब्रशचे चार फटकारे. बाकी सगळी हवा. त्यातला नारिंगी सूर्य भोवतीच्या आभाळापेक्षा फारसा उजळ नाहीच. चित्र काळं-पांढरं करून पाहिलं तर सूर्य जवळजवळ गायब होतो! राखाडी निळ्यात नारिंगी, एवढ्यावरच तो दिसतो.

मी हे समुद्रावर शिकलो नाही. हिवाळ्यात सकाळी जिनिंगच्या आवारात उभे राहा. हवेत रुईची धूळ तरंगत असते, त्यातून सूर्य असाच बिनतेजाचा, नारिंगी दिसतो. लांबची बंडी फिकट होत होत आभाळात मिसळते. जवळच्या वस्तूचा रंग गडद, कड ठळक. लांबचीचा रंग राखाडी, कड पुसट. रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने ती हलकेच ओढायची. ससून डॉकला पहाटे माझा हात तेच करत होता. फक्त बंडीच्या जागी बोट होती आणि वास मासळीचा. (शाकाहारी माणसाचं तिथे काय झालं, ते पुढच्या पोस्टमध्ये :))

मोबाइलवर युरोपातल्या बंदराचा फोटो लावून निळंशार पाणी उतरवणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. न पाहिलेलं रंगवू नये, कबूल. पण मग तोच नियम कपाशीलाही लावा. शेतात कधी पाऊल न टाकता, कॅलेंडर पाहून बैलजोडी रंगवणारे आपल्याकडे कमी आहेत का? ते मात्र 'स्थानिक'! दोन दिवस मुंबईत राहून, पहाटे उठून, डोळ्यांनी पाहून आलेला मी बाहेरचा.

विषयावरून गाव ओळखायचं असेल तर रेशनकार्ड पहा. चित्रात माणसाने किती पाहिलं, ते पहा.

आणि मामा, समुद्र नसेल आपल्याकडे, पण खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी एकदा तोंडात घेऊन बघा!

असो. चित्र मामांच्या बैठकीत ठेवून आलोय. रंग अजून ओला आहे, कोणी हात लावू नका.