फोनची राखण

परवा आत्येचा फोन आला. (आत्ये हा ब्लॉग वाचते, त्यामुळे जरा जपूनच लिहितोय.) "अरे, माझ्या फोनातलं ते अँटिव्हायरस संपलंय म्हणे. रोज सांगतं, पैसे भरा नाहीतर फोनला धोका आहे. भरू का?"

दोन वर्षांपूर्वी मी एका शब्दात उत्तर दिलं असतं. नको. कम्प्युटरशी माझा थोडाफार संबंध असल्यामुळे नातेवाइकांत मला 'त्यातलं कळतं' असा एक गैरसमज आहे आणि तो टिकवायचा तर उत्तरं छोटी आणि ठाम द्यावी लागतात. पण गेल्या मे महिन्यात काकांच्या बाबतीत जे झालं त्यानंतर ते 'नको' माझ्या तोंडून सहज निघेना. "संध्याकाळी येतो, मग बघू," असं म्हणून वेळ मारून नेली. आणि मग विचार करत बसलो. तो विचार इथे खरडतोय.

आधी काकांचं सांगतो. पावसच्या बाजूला त्यांची कलमं आहेत. सीझन संपत आला होता, पेट्यांचे पैसे मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांकडून खात्यात जमा होत होते. एका दुपारी व्हॉट्सॲपवर फाइल आली, ओळखीच्याच एका बागायतदाराच्या नंबरवरून. गाडीला चलन झालंय, फाइल उघडून बघा. काकांकडे पिकअप आहे, सीझनमध्ये ती दिवसरात्र पळते, कुठेतरी दंड झाला असेल असं वाटायला काहीच हरकत नव्हती. फाइल उघडली. फोनने काहीबाही विचारलं, काका प्रत्येक ठिकाणी 'हो' म्हणत गेले. मग एक पान आलं, दंड पाचशे रुपये, कार्डाचा नंबर टाका. टाकला. ओटीपी काही आला नाही. काकांना वाटलं, रेंज नाही (आमच्याकडे हे कारण कशालाही चालतं), म्हणजे पैसेही गेले नसणार. फोन खिशात टाकून ते परत बागेत गेले.

ओटीपी आला होता. तो परस्पर तिसऱ्याच माणसाला पोचत होता. त्यासाठीच तर ते ॲप होतं. एकसष्ट हजार गेले, तीन हप्त्यांत.

काकांना हे त्याच रात्री कळलं. पण त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. ना काकूला, ना मुलाला. तीन दिवस! चौथ्या दिवशी गुरख्यांचा हिशोब करायचा होता. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत राखणीला नेपाळी माणसं असतात, पाऊस सुरू व्हायच्या आत ती हिशोब घेऊन गावी जातात, त्यांची तिकिटंसुद्धा काढलेली असतात. पैसे देताना कमी पडले, तेव्हा प्रकार बाहेर आला. काकूने पोस्टातले पैसे काढून गुरख्यांना वाटेला लावलं. त्या दिवशी काकांचा चेहरा मी पाहिला. एकसष्ट हजारांचं दुःख त्यात होतंच, पण त्याहून जास्त शरम होती. चाळीस वर्षं ज्यांना दलालांनी फसवलं नाही, ते एका फाइलला फसले.

आता मुद्द्याची गोष्ट. काकांच्या फोनमध्ये अँटिव्हायरस होतं. पैसे भरलेलं, चालू. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने कव्हर, काच आणि अँटिव्हायरस असं तिन्ही एकत्रच गळ्यात मारलं होतं.

मी विचारलं, "काका, त्याने काहीच सांगितलं नाही तुम्हाला?"

"आलं होतं रे काहीतरी लाल लाल," काका म्हणाले. "पण ते रोजच येतं."

मी त्यांचा फोन घेऊन बसलो. खरंच रोज यायचं. तुमचा फोन संथ झाला आहे, साफ करा. तुमचं वाय-फाय असुरक्षित आहे. अमुक घ्या, तमुक वाढवा. दिवसातून चार-पाच वेळा, आणि सगळं लाल रंगात. त्यांच्यात एक खरी सूचना असेल तर ती काकांच्या बोटाने बाकीच्यांसारखीच सरकवून टाकली. रोज रात्री विनाकारण शिट्टी वाजवणारा गुरखा असला, तर वानर खरंच आले त्या रात्री कोण उठणार?

मराठी माणसाला अँटिव्हायरसबद्दल ममत्व असायला कारणही आहे, बरं का. क्विक हीलवाले कैलाश काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा हा माणूस. नव्वदीच्या दशकात धाकट्या भावाने, संजयने, व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारातही आली. माझ्या पिढीने सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर' नावाचा तो आगंतुक घरी आणलेला आहे. तेव्हा अँटिव्हायरस नसलेला कम्प्युटर म्हणजे दार नसलेलं घर होतं, आणि ते बरोबरच होतं. विंडोजवर कुठलाही प्रोग्रॅम कुठेही घुसायचा, पेन ड्राइव्ह लावला की आपण होऊन चालू व्हायचा. कोणी विचारायचं नाही.

तीच सवय आपण फोनवर आणली. पण फोनची बांधणी वेगळी आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप म्हणजे वाड्यातलं स्वतंत्र बिऱ्हाड. एकाच्या खोलीत दुसऱ्याला जाता येत नाही. जायचं तर घरमालकाची, म्हणजे तुमची, परवानगी लागते. आणि गंमत अशी की अँटिव्हायरस हेसुद्धा त्या वाड्यातलं एक बिऱ्हाडच! त्याला किल्ल्यांचा जुडगा दिलेला नाही. वाड्यात कोण कोण राहतंय याची यादी ते बघू शकतं, नवा भाडेकरू सामान घेऊन आला तर त्याचं तोंड ओळखीच्या चोरांशी ताडून बघू शकतं, पण आत खोलीत तो काय करतोय ते त्याला फारसं दिसत नाही. आयफोनवर तर तेवढंही नाही. तिथे त्या नावाखाली जे विकलं जातं ते लिंक अडवणं वगैरे बाकीची कामं करतं, दुसरी ॲप तपासायची सोयच ॲपलने ठेवलेली नाही.

म्हणून फोनवरच्या चोराला बहुतेक वेळा आत बोलवावं लागतं. हे आजचं नाही. मोबाइलवर पसरणारा पहिला वर्म म्हणून कॅबिरचं नाव घेतात, २००४ सालचा, नोकियाच्या वगैरे सिम्बियन फोनवरचा. तो ब्लूटूथवरून यायचा, आणि त्यालाही आत घ्यायचं तर फोनच्या मालकाला 'हो' म्हणावं लागायचं. इतकी वर्षं झाली, फोन बदलले, 'हो' तेच आहे.

आमच्याकडे वर्षातून एकदा राखणदाराला राखण देतात. कोणी कोंबडा, कोणी नुसता नारळ. वर्षभर तो जागेची राखण करतो. अँटिव्हायरसचं वार्षिक नूतनीकरण मला तसंच वाटतं. (राखणदार निदान दिवसातून पाच वेळा आठवण करत नाही.) पण गडग्यावरून उडी मारून येणाऱ्याला राखणदार अडवील. ज्याला आपणच बेडं उघडून 'या, बसा' म्हटलं, त्याला त्याने काय करावं?

आमच्या पुण्याच्या बंधुराजांचं मत याहून टोकाचं आहे. आयटीत आहेत ते. "अँटिव्हायरस शुद्ध फसवणूक आहे, सगळं काढून टाक." हेही मला पटत नाही. २०१९ मध्ये एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या ऑस्ट्रियातल्या संस्थेने अँड्रॉइडची २५० अँटिव्हायरस २००० घातक ॲप वापरून तपासली. त्यातली निदान ३० टक्के ओळखणारी आणि चांगल्या ॲपवर खोटा आळ न घेणारी फक्त ८० निघाली. काहींनी तर स्वतःलाच चोर ठरवलं! पण त्याच चाचणीत नावाजलेल्या कंपन्यांची ॲप जवळजवळ सगळे चोर पकडत होती. म्हणजे वस्तू खोटी नाही, बाजार खोट्यांनी भरलेला आहे. २०१४ मध्ये 'व्हायरस शील्ड' नावाचं विकतचं ॲप गूगलच्या दुकानात हजारोंनी खपलं. बोट लावलं की त्याचं चित्र बदलायचं, बाकी ते काहीही करत नव्हतं. आणि २०२२ मध्ये तर शार्कबॉट हा बँकेचे पैसे पळवणारा प्रोग्रॅमच अँटिव्हायरसचा सदरा घालून त्या दुकानात येऊन बसला होता. आत्येसारख्या माणसाने त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे कसं ओळखायचं?

आणि चांगलं अँटिव्हायरस घेतलं तरी ते पुरेसं पडत नाही अशा दोन गोष्टी आहेतच. एक अगदी वरची. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केलं की पेगॅसस नुसत्या कॉलच्या वाटेने सुमारे १४०० जणांच्या फोनवर सोडण्याचा प्रयत्न झाला. कॉल उचलायचीसुद्धा गरज नव्हती. तिथे उपाय होता तो व्हॉट्सॲप अपडेट करण्याचा. पण तो मोठ्या लोकांचा प्रश्न, काकांच्या मागे पेगॅसस कोण लावणार! दुसरी गोष्ट अगदी खालची. पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अरेस्ट' करणारे. त्यात व्हायरस नसतोच. त्यात असतो तो फक्त आवाज.

खरं सांगू का, काकांच्या फोनमध्ये मला जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फोन २०१९ चा. सुरक्षेचा शेवटचा अपडेट २०२१ चा. म्हणजे चार वर्षं त्याच्या भिंतींची डागडुजी नाही आणि दारात पगारी पहारेकरी. महागड्या फोनना आता सात-सात वर्षं अपडेट देऊ म्हणतात, २०२३ च्या पिक्सेल ८ पासून ती टूम निघाली, पण आपल्याकडे घरोघरी जे फोन आहेत ते तसले नव्हेत. दुकानात रॅम विचारतात, कॅमेरा विचारतात, 'अपडेट कधीपर्यंत?' हे मी आजवर कोणाला विचारताना ऐकलेलं नाही. आणखी एक सापडलं. गूगलचा स्वतःचा प्ले प्रोटेक्ट, जो २०१७ पासून फोनमध्ये फुकट असतो, तो बंद होता. कोणी बंद केला कोण जाणे. काकांना आठवत नाही, पण ही मंडळी फाइलीबरोबर तेवढी सूचनाही करतात. बाहेरून आलेलं ॲप एसएमस वाचायची परवानगी मागत असेल तर ते सरळ अडवायचं, असं गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केलं होतं. तो चालू असता आणि फोन जरा नवा असता तर कदाचित... असो.

तर माझं मत. आत्येने ते पैसे भरू नयेत. फोनमध्ये फुकट मिळालेला पहारेकरी चालू आहे ना ते बघावं, आणि वर्षाचे ते पैसे नव्या फोनसाठी बाजूला टाकावेत. ज्याला अपडेट येतात असा. ज्याला रोज अनोळखी फाइली उघडाव्याच लागतात, म्हणजे आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला, त्याने मात्र नावाजलेल्या कंपनीचं खुशाल घ्यावं आणि त्याच्या जाहिराती बंद करून ठेवाव्यात.

पण हे लिहिताना मला सारखे ते तीन दिवस आठवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात, चूक ग्राहकाची असली तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं म्हटलं होतं. १९३० ला लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही चौथ्या दिवशी केला. साडेआठ हजार कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले, बाकीचे कधीच पुढे गेले होते. काकांनी त्या रात्री नुसती हाक मारली असती! पण त्यांनी ती का मारली नाही, हेही मला ठाऊक आहे. आधी एकदा त्यांनी चुकीच्या नंबरवर रिचार्ज केला होता, तेव्हा जेवायला बसल्यावर आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा.

काकांनी ज्या बागायतदाराच्या नंबरवरून फाइल आली त्याला नंतर फोन केला. त्याचेही गेले होते. त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं. आणि काकांच्या फोनवरून ती फाइल पुढे अकरा जणांना गेली होती, त्यांत दोन मुंबईची गिऱ्हाइकं. काकांनी अकराही जणांना स्वतः फोन करून सांगितलं, "माझ्या नावाने काही आलं असेल तर उघडू नका, मी फसलोय." हे करायला त्यांना काय पडलं असेल ते मी शेजारी बसून बघत होतो.

संध्याकाळी आत्येकडे गेलो. अँटिव्हायरस काढून टाकलं, प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना ते पाहिलं, फोनला आलेला अपडेट दोन महिने पडून होता तो घातला. आणि १९३० हा नंबर तिच्या फोनमध्ये भरला. "नाव काय घालू?" विचारलं. म्हणाली, "तुझ्या नावाखालीच घाल. काही झालं की मी आधी तुलाच शोधते." :)