‘जमेल का?’ हा प्रश्न आता बंद करा



हंगाम तोंडावर आला की चिटबॉय, काट्यावरचे कारकून यांची भरती निघते. मुलाखतीत प्रश्न ठरलेले. “गाव कोणतं? कुणाचा पाहुणा? काम जमेल ना?” पोरगं म्हणतं, “जमेल साहेब.” झाली मुलाखत! अहो, “जमणार नाही” असं सांगायला कोण आपल्या पायानं कारखान्यावर येतो?

याच माणसांच्या हाती आपलं वर्ष-दीड वर्षाचं पीक जातं. चिटबॉयनं तोडीची पाळी चुकवली की ऊस रानात वाळतो. तोडलेला ऊस ताटकळला की वजनही घटतं आणि उताराही. काट्यावर आकडा चुकला तर आपलं बिल चुकतं.

मग विचारावं कसं? घडलेलं विचारावं. जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या कामाचा अभ्यास करताना मतं न विचारता प्रत्यक्ष प्रसंग विचारले. १९५४ साली त्यानं ही पद्धत लिहून मांडली. मुलाखतीचे प्रश्न पुढं त्याच धर्तीवर तयार होऊ लागले.

आपणही विचारू या, “मागच्या कामावर हिशेब जुळला नाही, तेव्हा काय केलंस?” नवखा असेल तर गणपती मंडळाच्या वर्गणीचा हिशेब विचारा. उत्तर आलं की, “मग पुढं? कुणाला सांगितलंस?” एवढं म्हणून गप्प बसावं. उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालू नये. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न असावेत, आणि समितीतल्या प्रत्येकानं चर्चेआधी आपले गुण कागदावर मांडावेत.

कुणी म्हणेल, ओळखीचा माणूस विश्वासाचा असतो. असेलही. मग त्याला प्रश्नांची भीती कसली? चार प्रश्नांत त्याचंही पाणी कळेल.

दोष एकट्या संचालकांना देऊन चालणार नाही. चिठ्ठ्या आपणच नेतो. पुतण्यासाठी मीही एकदा नेली होती. तो लागला, आणि त्याच्या गटातल्या शेतकऱ्यांनी हंगामभर माझ्या दारात येऊन तक्रारी सांगितल्या. तेव्हा कळलं, चिठ्ठीची किंमत दुसऱ्याच्या उसानं भरावी लागते.

येत्या वार्षिक सभेत मुलाखतीच्या पद्धतीचा विषय आपण सर्वांनी मिळून मांडावा, ही नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद